जमणवडची पंगत

गोत्री, बडोदे
रविवार, ९ नोव्हेंबर १९८६

निरुपमा,

वर आशीर्वाद लिहावेत की नुसतं नाव, यावर अर्धी दुपार गेली. शेवटी नुसतं नाव लिहिलं. तू माहेरी गेल्यापासून सहा वर्षांत मी तुला पत्र घातलं नाही, तूही मला नाही. तेव्हा मायन्यात काही चुकलं असेल तर ती चूक दोघांच्या नावावर धर.

आपल्या सुनेत्राने लग्न ठरवलं आहे. "ठरवलं आहे" हेच क्रियापद बरोबर, कारण मला विचारलं नाही, कळवलं. तुला इंदूरला तिने आधीच लिहिलं असणार, आणि मी कसा आकांडतांडव करीन याची तू तुझ्या भावाच्या ओसरीत बसून वाट पाहत असशील. तर ऐक. मी काहीही केलेलं नाही. मुलगा तिच्याच बँकेत आहे, सयाजीगंजच्या शाखेत. गजेंद्र पढियार. आपल्यातला नाही, गुजराती ठाकोर. तरी मी हो म्हटलं, आणि का म्हटलं ते वाचून तुला नवल वाटेल.

त्याचं गाव जमणवड!

सावलीच्या पुढे, महीच्या कोतरांत, म्हणजे नदीने कापून काढलेल्या त्या मातीच्या घळींत. तू एकदा म्हणाली होतीस की हे नाव ऐकून ऐकून तुझे कान किटले. तेच. माझे खापरपणजोबा जगदेवराव पागेदार यांनी वसवलेलं गाव. तेव्हा ती सरहद्द होती. अलीकडे गायकवाडी, पलीकडे इंग्रज एजंटाच्या देखरेखीतली लहान लहान ठाकोर संस्थानं, आणि मध्ये कुणालाच सारा न देणारी ही कोतरं. १८३८ साली जगदेवरावांनी कॅम्पातल्या इंग्रज साहेबाच्या मदतीने तिथे ठाणं बसवलं, पलटणीतली माणसं आणून वस्ती केली, आणि मुलूख शांत झाला. इनाम आमच्याकडे होतं, ते स्वराज्य आल्यावर कायद्याने गेलं. हे सगळं मी कॉलेजची पायरी न चढता, कारखान्यातली पाळी संपवून, मोडी स्वतः शिकून काढलं आहे, हे तुला माहीत आहे. आता नियतीने मुलगी त्याच गावात द्यावी, यात काहीतरी योग आहे असं मला वाटलं.

परवा आम्ही बोलणी करायला गेलो. मी, सुनेत्रा आणि जयवंतराव. जयवंतराव बदललेला नाही, तोच माझा चुलतभाऊ, दुसऱ्याच्याही लग्नात तुपाची चरवी घेऊन फिरणारा. ओटीवर पंधरा-वीस मंडळी होती. मुलाचे वडील जसवंतभाई मोजकं बोलणारे, आणि त्यांची आई सूरजबा, नव्वदीच्या घरातल्या, डोळ्यांनी अधू. मी त्यांना गावाचा इतिहास सांगितला. त्यांच्याच गावाचा, जो त्यांना कुणी सांगितला नसणार. जगदेवराव माझे कोण हेही सांगितलं. सगळे अगदी स्तब्ध होऊन ऐकत होते. पारावर कीर्तनाला बसल्यासारखे.

एकच गोष्ट खटकली. गावाच्या नावाचा उलगडा मी केला. जमणवड, म्हणजे "जमणुं" अधिक "वड". गुजरातीत जमणुं म्हणजे उजवं. उजव्या काठावरचा वड. कुणी तरुण पोरगा मागून म्हणाला, "पण साहेब, गाम तो डाबा कांठे छे." डावा काठ. खरं आहे, प्रवाहाच्या दिशेने तोंड केलं तर डावा येतो. मी समजावलं की पूर्वी लोक उगमाकडे तोंड करून धरत असावेत. तेव्हा सूरजबा पहिल्यांदा बोलल्या. "जमणुं नहीं, भाई. जमण."

जमण म्हणजे जेवण. मला वाटलं म्हातारी पान वाढायला सांगते आहे. मी म्हटलं, "हा बा, जमीशुं ने! भूख तो लागी छे." जेवू की, भूक लागलीच आहे.

सूरजबा उठून आत गेल्या. पुढे नुसता चहा आला. जेवायला बोलवायचं आणि चहावर बोळवण करायची, ही रीत मला कळली नाही. सुनेत्रा परतताना बसमध्ये माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

साखरपुडा आपल्याकडे. कमुरता, म्हणजे गुजरात्यांचा तो अशुभ धनुर्मास, उतरल्यावर, जानेवारीत. तू यावंस असं सुनेत्राला वाटतं.

विश्वंभर


गोत्री
रविवार, २३ नोव्हेंबर

निरुपमा,

तुझं कार्ड मिळालं. सहा वर्षांनंतर चार ओळी, त्यातल्या दोन माझ्या शुद्धलेखनाबद्दल. "आकांडतांडव" असंच लिहितात. मी शब्दकोश पाहिला.

तू विचारलंस, "त्या लोकांना तुमचा इतिहास ऐकायचा होता का?" हा प्रश्न तुझ्या स्वभावाला धरून आहे. त्याचं उत्तर देत नाही.

गजेंद्र आला होता. मुलगा नम्र आहे, बूट बाहेर काढतो, खुर्चीच्या कडेवर बसतो. म्हणाला, "काका, पत्रिकेत ते 'जगदेवराव पागेदार यांच्या कुळातील' असं नका छापू." मी विचारलं, का? तो सुनेत्राकडे बघायला लागला. सुनेत्रा म्हणाली, "बाबा, नका छापू म्हणजे नका छापू ना!" माझ्याच घरात माझ्या पूर्वजाचं नाव उच्चारायची चोरी.

म्हणून काल मी एकटाच जमणवडला गेलो. सावलीपर्यंत बस, पुढे जीप. कुणाला कळवलं नव्हतं. मला तो वड बघायचा होता. गावाच्या तोंडाशीच आहे, प्रचंड, पारंब्यांची दुसरी खोडं झालेली. पण खाली पार नाही, देव नाही, दगडाला शेंदूर नाही, एक माणूस बसलेलं नाही. एवढ्या सावलीत! समोर चहाची टपरी आहे तीसुद्धा उन्हात. मी पिशवीतून शेंगदाणे काढून खोडाला टेकलो, तर टपरीवाला धावत आला. "अहीं नहीं, अहीं कोई खातुं नथी." इथे कुणी खात नाही. काहीच? काहीच नाही. लहान मुलाच्या हातात बोर असलं तरी आया ते आधी काढून घेतात, मग वडाखालून नेतात.

मी वही काढली. तुला माझी सवय ठाऊक आहे. तेवढ्यात जवळच्या घरातून पोराचं रडणं आलं आणि आई त्याला म्हणाली, "छानो रहे, नहीं तो सावकास आवशे." गप्प बस, नाहीतर सावकास येईल.

मला केवढा आनंद झाला, निरुपमा! सावकास. सावकाश. आपला शब्द, महीच्या कोतरात, दीडशे वर्षं टिकलेला. मी दारात जाऊन त्या बाईला विचारलं, "बहेन, आ सावकास कोण छे?" तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्या टोपीकडे पाहिलं, मूल उचललं आणि दार लावून घेतलं. आतून अडसर पडल्याचा आवाज मी ऐकला.

मग टपरीवाला जे म्हणाला ते आज लिहीत नाही. अंगात थोडी कणकण आहे.

हल्ली पुढच्या दाराला आतून कडी घातल्यावर खुर्चीही लावतो. सोसायटीत चोऱ्या वाढल्या आहेत.

विश्वंभर


गोत्री
रविवार, ७ डिसेंबर

निरुपमा,

तुझं पत्र. या वेळी कार्ड नाही, पाकीट. "सोसायटीत चोऱ्या वाढल्या आहेत हे तुम्ही मला सांगता? तुम्ही कशाला तरी घाबरला आहात. खरं काय ते लिहा, नाहीतर मी येऊन लग्न थांबवते." तुझ्या भावाच्या टेलिफोनवरून सुनेत्राशीही बोललीस.

लिहितो. माझ्याकडे याला कागदाचा आधार नाही, हे आधी नोंदवतो. टपरीवाल्याने सुरुवात सांगितली, बाकीचं जसवंतभाईंनी. मी त्यांच्याकडे पुन्हा गेलो होतो. त्यांनी ओटीवर बसवलं नाही, आपण उठून माझ्याबरोबर शेतापर्यंत चालत आले आणि बांधावर उभ्या उभ्या सांगितलं, माझ्याकडे न बघता.

वस्ती आधीपासून होती. याच लोकांची. ठाणं बसत नव्हतं, कारण हे लोक रात्रीतून ते जाळत. तीन पावसाळे असं चाललं. मग जगदेवरावांनी निरोप धाडला: भांडण मिटवू, वडाखाली एकत्र जेवू. हत्यार जवळ ठेवून कुणी जेवत नाही, ही त्यांची रीत. ती आपल्या पूर्वजाला माहीत होती. सगळे बाप्ये आले. तीरकामठे, तलवारी वडाला टेकवून ठेवल्या आणि ओळीने पंगतीला बसले, वडाकडे पाठ करून. पानं वाढली, तूप वाढलं. पहिला घास घेतला. मग जगदेवराव पंगतीतून हात जोडत फिरले, या टोकापासून त्या टोकापर्यंत, यजमानाने फिरावं तसे. आणि शेवटच्या पानापाशी थांबून मोठ्याने म्हणाले,

"सावकाश होऊ द्या."

ती खूण होती. कोतरात कॅम्पातली पलटण दबा धरून होती.

त्या लोकांना मराठी येत नव्हतं. त्यांना वाटलं, दक्षिणी लोकांचा काही आशीर्वाद असेल. पाणी आणायला गेलेल्या बायका आणि मुलं तेवढी वाचली. त्यांनी तो आवाज लक्षात ठेवला. अर्थ कुणालाच कधी कळला नाही. जसवंतभाईंनी मला विचारलं, "तमे तो मराठी जाणो. एनो अर्थ शुं थाय?"

मी सांगितलं. निवांत जेवा, घाई करू नका, असा अर्थ होतो.

त्यांनी बांधावरचं एक ढेकूळ पायाने फोडलं. मग म्हणाले, "बाने ना कहेता." बाला सांगू नका.

निरुपमा, कागदात एवढंच येतं, "बंदोबस्त झाला." तीस वर्षं मी हे दोन शब्द वाचतोय, त्यांचं वळण ओळखतो, शाई ओळखतो. मी त्यांना सौंदर्यस्थळ म्हणायचो. किती थोडक्यात लिहीत जुने लोक!

पुढे तीच मुलं मोठी झाली आणि त्याच जमिनीवर आमच्याकडे सालदार म्हणून राबली. जमीन त्यांची त्यांना मिळायला कूळकायदा यावा लागला. माझे वडील मरेपर्यंत त्या कायद्याला शिव्या देत होते आणि मी त्यांचे पाय चेपत मान डोलवायचो.

आता मला भीती कशाची वाटते ते लिहितो, म्हणजे तू पुन्हा विचारणार नाहीस. त्या ओटीवर पंधरा-वीस लोकांसमोर मी स्वतःच्या तोंडाने सांगून आलो की मी त्याचा वंशज. आणि वर म्हणालो, भूक लागली आहे. माझी एकुलती एक मुलगी त्या घरात जायची आहे. तिथे ती रोज स्वयंपाक करील, रोज त्यांच्यात जेवायला बसेल. एवढं सगळं लक्षात ठेवणारे लोक काहीच मनात न ठेवता तिला घेतील, असं तुला वाटतं?

मी लग्न मोडावं असं म्हणतेस का? विचारतोय. पूर्वी मी तुला कधी काही विचारलं नाही, ही तुझी तक्रार होती.

विश्वंभर


गोत्री
रविवार, २८ डिसेंबर

निरुपमा,

तुझं उत्तर आलं. "आधी मुलीला विचारा" एवढंच. मी विचारलं. विचारलं म्हणजे सांगितलं, आणि मग म्हटलं की हे लग्न नको.

ती भाजी निवडत होती. मेथी. मान वर न करता म्हणाली, "बाबा, मला माहीत आहे. गजेंद्रने पहिल्याच महिन्यात सांगितलं. आपलं आडनाव ऐकून तोच आधी पळून जाणार होता."

"आणि तू मला त्या ओटीवर बोलू दिलंस?"

"तुम्हाला थांबवतं कोण? मी तुमचा सदरा ओढत होते. तुम्ही हात झटकलात."

झटकला होता. मला वाटलं, पदर अडकला आहे तिचा.

मी म्हटलं, अगं, ते लोक तुझं काय करतील! ती हसली. तुझ्यासारखं, नाकातून. "तुम्ही पागेदार, तुम्हाला कायम वाटतं की सगळे तुमचाच विचार करत बसलेत."

पण निरुपमा, ते विचार करताहेत. ऐक. सोसायटीच्या मोकळ्या प्लॉटवर मांडव घालायचं ठरलं आहे. गुरुवारी संध्याकाळी मी मांडववाल्याबरोबर तिथे उभा होतो, तर दोन मोटारसायकली आल्या. जमणवडचे चार तरुण. त्यातला एक, डावा काठ म्हणणारा. ते जमिनीवर बोट दाखवून मांडववाल्याला विचारायला लागले. कनात कुठून कुठपर्यंत? "केटलां बारणां राखशो? पाछळथी निकळाय के नहीं?" दारं किती ठेवणार, मागून निघता येईल का. मागच्या कुंपणापर्यंत जाऊन त्यांनी ते हलवून पाहिलं. माझ्याकडे बघून कुणी हसलं नाही, रामराम केला नाही.

त्यांना माणसं बाहेर पडू द्यायची नाहीत. यात दुसरा अर्थ मला तरी लागत नाही. दीडशे वर्षांनी एकदाच पुन्हा पंगत बसते आहे, तेच घर बोलावतं आहे, तेच गाव जेवायला येतं आहे. मी त्यांच्या जागी असतो तर?

हा प्रश्न मला स्वतःला विचारता आला, आणि उत्तरही आलं, म्हणून जास्त भीती वाटते.

चौकीवर जाऊन आलो. फौजदाराने विचारलं, "शेनी बीक छे, काका?" कसली भीती? मी काय सांगणार? म्हटलं, पाकीटमारांची.

तू येऊ नकोस. साखरपुड्याला तर नाहीच.

विश्वंभर


गोत्री
सोमवार, १२ जानेवारी १९८७

निरुपमा,

घाईत लिहितोय. गजेंद्रला मी गाठलं, बँकेखालच्या लारीवर, म्हणजे चहाच्या हातगाडीवर. सरळच विचारलं की तुझ्या गावची पोरं मांडवाची दारं का मोजत होती. माझा आवाज चढला असणार, लारीवाला बघायला लागला.

त्याने चहाचा कप खाली ठेवला. म्हणाला, "काका, बा येणार म्हणते. तिने हट्ट धरलाय. मग घरातले सगळे येणार, मुलं येणार. दक्षिणींच्या पंगतीला आमच्या गावातलं कुणी आजवर बसलेलं नाही. पोरांना बघून ठेवायचं होतं, काही झालं तर बाला आणि लहान मुलांना कुठून काढायचं."

मी म्हटलं, "काही झालं तर म्हणजे काय? कोण करणार?"

तो माझ्याकडे बघत राहिला.

तुला सांगतो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी, कारखान्यातला विश्वंभर पागेदार, डोळ्यांत मोतीबिंदू, जिना चढताना धाप लागते. माझी भीती! चार धडधाकट पोरांना!

मांडववाल्याला सांगितलं, कनाती लावू नकोस. एकही नाही. चारी बाजूंनी मोकळं. तो म्हणाला, "काका, उत्तरायणनो पवन, मेमान ठरी जशे!" पाहुणे गारठतील. गारठू देत म्हटलं. मागचं कुंपणही सोसायटीच्या सेक्रेटरीशी भांडून दोन दिवसांपुरतं काढायला लावलं. कारण सांगितलं नाही. आता सगळ्या सोसायटीत मी वेडा ठरलो आहे.

कुणालाच काही सांगितलेलं नाही. जयवंतरावालाही नाही. सांगायचं म्हणजे जगदेवरावांचं सगळं सांगावं लागेल, आणि ते माझ्या तोंडून अजून निघत नाही. तुझ्यासमोर निघालं कारण तू इथे नाहीस.

विश्वंभर


गोत्री
मंगळवार, २७ जानेवारी

निरुपमा,

तारेला उत्तर म्हणून हे पत्र. "सुखरूप का" असं तू विचारलंस. सुनेत्रा सुखरूप आहे. मी कसा आहे ते शेवटपर्यंत वाचून तूच ठरव.

रविवारी ते आले. दोन बसगाड्या, चाळीसेक माणसं. उतरले आणि मांडवाच्या कडेला थांबले. चारी बाजू मोकळ्या बघून पोरं एकमेकांकडे बघायला लागली, बायका पदर सावरून उभ्या. सूरजबांना गजेंद्रने हाताला धरून आणलं. साखरपुड्याचे विधी झाले. अंगठी झाली, साडी झाली, फोटो झाले. वाऱ्याने दोनदा समई विझली. भटजी रागावले. सगळे हसले, तेसुद्धा. मला वाटलं, झालं. निभावलं.

मग पानं मांडली. त्यांच्या माणसांना पहिल्या पंगतीत बसवलं. कुणाच्याही पाठीमागे काही येणार नाही अशी ओळ मी स्वतः आखून घेतली होती, मधोमध, उघड्यावर. ते बसले. बायका मुलांना मांडीला लावून बसल्या. वरण-भात, श्रीखंड, पुऱ्या, मठ्ठा. मी या टोकाला उभा होतो, तोंड घट्ट मिटून. यजमानाने फिरायला हवं, विचारपूस करायला हवी. मी फिरलो नाही. जागचा हललो नाही. ठरवलं होतं की आज या तोंडातून एक अक्षर बाहेर पडणार नाही.

त्यांनी पहिला घास घेतला.

आणि दुसऱ्या टोकाकडून जयवंतराव निघाला. तुपाची चरवी, पितळी पळी, नवा फेटा, घामाने चमकणारं कपाळ. कुणी सांगितलं नव्हतं त्याला. मीच सांगितलं नव्हतं. वाढत वाढत तो शेवटच्या पानाशी पोचला, पळी चरवीत टाकली, हात जोडले आणि त्याच्या त्या नाटकी आवाजात, साऱ्या गोत्रीला ऐकू जाईल असा, म्हणाला,

"हं, मंडळी! सावकाश होऊ द्या!"

निरुपमा, चाळीस माणसं एकदम उठली तर आवाज होईल असं वाटतं ना? झाला नाही. ती उठली आणि आवाज झाला नाही. मुलं आधीच कडेवर होती. पोरांनी कडं केलं, बायका मध्ये. एक लहान मुलगी पुरी तोंडात तशीच धरून होती, चावत नव्हती. जयवंतराव हात जोडून तसाच. "अरे, काय झालं? तूप जास्त झालं का?"

कुणी पळालं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. सुनेत्रासुद्धा. ती आपल्या पाटावरून उठून केव्हाच त्यांच्यात जाऊन उभी राहिली होती.

मी काहीतरी बोललो. "एने खबर नथी, एने कशी खबर नथी." त्याला माहीत नाही. हात वर करून बोललो, हात रिकामे आहेत हे दिसावं म्हणून. माझेच हात वर का गेले ते मला कळलं नाही.

सूरजबा म्हणाल्या, "अहीं आवो." मी गेलो. त्यांनी चाचपडत पायाने एक पाट पुढे सरकवला. "बेसो." मी बसलो, कुणाच्या तरी अर्धवट पानासमोर. मग त्या पोरांना काहीतरी म्हणाल्या आणि सगळे, सगळे चाळीस जण, माझ्या पाठीमागे जाऊन उभे राहिले.

"तमे जमो," सूरजबा म्हणाल्या. "अमे ऊभां छीए." तुम्ही जेवा. आम्ही उभे आहोत.

मी भात कालवला. समोर सोसायटीतली माणसं, भटजी, जयवंतराव, सगळे दिसत होते. मागचं काही दिसत नव्हतं. एवढी माणसं पाठीशी उभी असली की त्यांची ऊब लागते, हे मला माहीत नव्हतं. कुणाच्या तरी चपलेखाली खडा वाजला आणि माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. पहिला घास गिळला. दुसरा गिळताना दात वाजले, हे मागच्यांनाही ऐकू गेलं असणार. तिसऱ्या घासाचा भात गुडघ्यावर सांडला. मागे वळून बघावंसं इतकं वाटत होतं, निरुपमा, इतकं, की मी डोळे मिटले. मला ठाऊक होतं, मागे गजेंद्र आहे, जसवंतभाई आहेत, माझी स्वतःची मुलगी आहे. काही होणार नाही हे माहीत होतं. तरीही.

मग कानाशी सूरजबांचा आवाज आला, अगदी हळू. "बीक लागे छे?"

भीती वाटते?

मी म्हटलं, "हा, बा. बहु लागे छे."

त्या माझ्या कानापासून दूर झाल्या. मग पोरांना म्हणाल्या, "बस. हवे जमाशे." आता जेवता येईल.

माझ्या डावीकडे कुणीतरी बसलं. बांगड्या वाजल्या. मग उजवीकडे. मग ओळीने पाट सरकल्याचे आवाज. मी डोळे उघडले नाहीत. किती बसले, किती निघून गेले, ते सुनेत्राने नंतर सांगितलं. दहा-बारा जण न जेवता बसमध्ये जाऊन बसले. डावा काठ म्हणणारा त्यातच. बाकीचे जेवले. श्रीखंड कुणी घेतलं नाही.

रात्री जयवंतरावाला सगळं सांगितलं. तो चरवी मांडीवर घेऊन बसून राहिला. शेवटी एवढंच म्हणाला, "विश्वंभर, मी आयुष्यभर प्रत्येक पंगतीत म्हणत आलो रे."

लग्न माघात, जमणवडला. तारीख जसवंतभाई कळवतील. वडाखाली नाही, शाळेच्या पटांगणात. तिथे आपण पाहुणे, ते यजमान. आपल्याला त्यांच्या पंगतीला बसायचं आहे, आणि जे रविवारी न जेवता गेले ते वाढायला असतील. सुनेत्रा म्हणते, काही होणार नाही. सूरजबांनी निरोप पाठवला आहे, मुलीच्या आईला घेऊन या.

मी तुला नको म्हणालो होतो ते मागे घेतो. मला एकट्याने त्या पाटावर बसवणार नाही. तू शेजारी बस.

विश्वंभर